बाबाची वाकळ

लातूर, १४ जुलै २०२४

आत्याबाई, जयभीम.

तुम्ही फोन उचलत नाही. केरबा भाऊजींना म्हणालात म्हणे, "त्या विशाखाचा आवाज माझ्या कानाला नको." बरं. कानाला नको तर डोळ्यांना चालते का बघावं, म्हणून हे पत्र. तुमची सगळी नोकरी अंगणवाडीत परक्या पोरांना अक्षरं शिकवण्यात गेली. सुनेचं अक्षर वाचायला हरकत नसावी.

आम्ही इथं नीट आहोत. माझं काम मुलींच्या होस्टेलवर आहे, रेक्टर म्हणतात. नाव मोठं आणि लक्षण खोटं. डॉक्टर व्हायला आलेल्या गावोगावच्या पोरी, त्यांचे क्लास, त्यांचे डबे, त्यांची रडारड. फाटक लावायचं, फाटक उघडायचं, आणि भाजीत केस निघाला की शिव्या खायच्या. पण राहायला खोली आहे, आणि शाळा पुढच्या गल्लीत आहे. आनूला पहिलीत घातलं. आनंदराज असं पूर्ण नाव पुकारलं की उभाच राहत नाही, त्याला वाटतं दुसरंच कोणी मोठं माणूस आहे.

तुम्हाला राग आहे ते मला कळतं. तुमचा प्रेम गेल्यावर घरात तुम्ही, मी आणि लेकरू एवढेच उरलो, आणि त्यातले दोघं मी उचलून घेऊन आले. पण कंधारात बसून मी काय करणार होते? तुमच्या रिटायरमेंटच्या पैशावर तिघांनी खायचं, आणि संध्याकाळी त्याच्या बंद गॅरेजच्या शटरकडं बघत बसायचं. ते माझ्यानं झालं नसतं. निघताना तुम्ही एसटीच्या खिडकीशी येऊन एवढंच बोललात, "लेकरू तिथं आजारी पडलं तर मी येऊन घेऊन जाईन. मंग तू कर तुझी नोकरी." ते वाक्य मी रोज ऐकते.

तसं काही होणार नाही. लेकरू ठणठणीत आहे.

एक सहज विचारते. अंगणवाडीत पोरांची सर्दी हटत नसली की तुम्ही काय करायच्या? इथं होस्टेलच्या एका मुलीला झालीय.

तुमची
विशाखा

लातूर, ८ सप्टेंबर २०२४

आत्याबाई,

भाऊजींच्या हातून पुरचुंडी पोचली. मी होस्टेलच्या मुलीचं लिहिलं होतं, आणि तुम्ही ओव्याची पोटली शिवून पाठवलीत ती एवढीशी, झबल्याच्या कापडाची, गळ्यात अडकवायला नाडी लावून. म्हणजे तुम्हाला कळलं. तुमच्यापासून काही लपत नाही, तुमच्या लेकाचंही कधी लपलं नव्हतं.

हो, आनूलाच आहे. इथं आल्यापासून आहे. पहिल्यांदा वाटलं पावसाळी सर्दी, चार दिवसांत जाईल. गेली नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधी शिंका सुरू होतात, एकामागून एक. मधे श्वास घ्यायला सवड मिळत नाही त्याला. मग नाक वाहतं, ते पाण्यासारखं, दुपारपर्यंत. पुसून पुसून वरचा ओठ सोललाय. तळहातानं नाक खालून वर घासायची सवय लागलीय, त्यानं नाकावर आडवी रेघ उमटलीय. ताप नाही, खोकला नाही. डोळ्यांखाली काळं पडलंय, झोपेत तोंड उघडं असतं. वर्गातली पोरं शेंबड्या म्हणतात. तो घरी येऊन मला सांगत नाही, मला बाईंनी सांगितलं.

इथल्या डॉक्टरांनी सिरप दिलं. ते घेतलं की शिंका थांबतात आणि लेकरूही थांबतं, वर्गात बाकावर डोकं टेकून झोपतं. सिरप बंद केलं की पुन्हा तेच.

मला विचाराल तर दोष डाळ मिलचा आहे. होस्टेलच्या मागं भिंतीला लागून मिल आहे. तुरीचं टरफल उडतं, दोरीवरच्या कपड्यांवर पिवळी भुकटी बसते. मी मालकांच्या, सिद्धेश्वर सरांच्या मागं लागून मागची खोली बदलून पुढची घेतली. पुढं रस्त्याचं काम निघालं. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. खिडक्यांना ओली कापडं लावते, दिवसातून दोनदा फरशी पुसते, त्याची चादर, उशीचा अभ्रा, माझ्या गादीची खोळ, सगळं धुते. नुसती धुऊन राहिलेय.

रात्री मात्र तुम्ही दिलेली वाकळ अंगावर असते, तेवढ्यानं झोपतो. ती तोंडावरून ओढून घेतो, बाबाची वाकळ म्हणतो. तुम्ही बांधून देताना म्हणालात तसंच ठेवलंय, तिला पाणी लावलेलं नाही.

पोटली बांधलीय. फरक पडला की कळवते.

विशाखा

लातूर, १२ नोव्हेंबर २०२४

आत्याबाई,

तुम्ही जिंकलात. हेच ऐकायचं होतं ना, ऐका.

दिवाळीच्या सुट्टीत आनू तुमच्याकडं राहिला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचं नाक कोरडं झालं. मी आणायला आले तर अंगणात चेंडू खेळत होता, तोंड मिटून. तोंड मिटून खेळणारं माझं लेकरू मी किती महिन्यांनी बघितलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. तो झाला नाही. आणि तुम्ही दारातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललात, "बगा, माज्याकडं आलं की बरं झालं. तिथं मायच्या हाताखाली सडून राहिलं हुतं."

आत्याबाई, सडून नव्हतं राहिलं. मी त्याच्यासाठी काय काय केलं ते तुम्ही बघितलं नाही. पण तुमच्या अंगणातलं कोरडं नाक मी बघितलं, त्याला काय उत्तर देऊ? तुमची हवा चांगली आणि माझी वाईट. तुमचा हात चांगला आणि माझा वाईट. एसटीत तो माझ्या मांडीवर झोपला आणि मी अहमदपूरपर्यंत रडले. शेजारची बाई विचारत होती, कोण गेलं म्हणून.

आणि लातूरला आल्यावर दुसऱ्याच सकाळी शिंका. दुसऱ्याच सकाळी.

तुम्ही म्हणाल, मग ठेवून का नाही गेलीस. नाही गेले. मला माझं लेकरू पाहिजे. प्रेमच्या मागं माझ्याकडं दुसरं काय आहे? तुमच्याकडं निदान प्रेमचं लहानपण आहे. तुम्ही त्याला चालायला शिकवलंय. माझ्या वाट्याला थोडीच वर्षं आली, आणि त्यातली अर्धी तो गाड्यांच्या खाली पाठीवर निजलेला होता.

तुम्ही फराळाचं पुष्कळ बांधून दिलंत. तुमच्याकडं येताना पिशवीत जागा नव्हती म्हणून वाकळ इथंच लातूरला ठेवून आलो होतो, त्यावरही बोललात, "बापाची आठवण वझं झाली का?" झाली नाही. पिशवी लहान होती एवढंच.

विशाखा

लातूर, १९ जानेवारी २०२५

आत्याबाई,

जयभीम म्हणायची लाज वाटते आज, पुढं वाचाल तेव्हा कळेल.

होस्टेलवरच्या पोरींची परीक्षा मे महिन्यात आहे. त्या आतापासून तोंडाला रुमाल बांधून फिरतात, कुणी शिंकलं की टेबल बदलतात. एकीच्या वडिलांनी आनूला जिन्यात नाक पुसताना बघितलं आणि सिद्धेश्वर सरांकडं तक्रार केली. "आमी लेकीसाठी जमीन गहाण ठिवून फी भरली, आन् तुमी हितं रोगट पोरगं पाळलंय." मी सांगितलं, हे कुणाला लागणारं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. ते म्हणाले, "डॉक्टर हुयाला तर पोरी हितं आल्यात. त्यास्नी बी कळतं की."

सिद्धेश्वर सर वाईट माणूस नाही. खाली मान घालून बोलले, "मॅडम, तुमचं काम चांगलं हाय. पर लेकराला गावाकडं ठिवा. न्हाईतर मला दुसरी बाई बघावी लागंल. फेब्रुवारी सरूस्तोवर बगा." म्हणजे बघा, तुमचं आणि त्यांचं म्हणणं एकच झालं. कंधारात लेकरू आणि लातूरला मी. तुम्ही एकमेकांना ओळखतही नाही, आणि दोघांनी मिळून मला दोन बाजूंनी धरलंय.

काय काय नाही केलं. आलं-गवती चहाचा काढा, हळदीचं दूध, नाकात मोहरीचं तेल, वाफ, होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या. दही बंद, केळं बंद, बिचाऱ्यानं वाढदिवसाला आइस्क्रीमसुद्धा नुसतं बघितलं. माझ्या नाकी नऊ आले म्हणावं तर त्याच्या नाकाचं काय म्हणू?

आणि आता ते सांगते. मेसमध्ये स्वयंपाकाला पार्वतीबाई आहेत. आनूवर फार जीव. त्या माहूरला जाऊन आल्या, तिथून अंगारा आणि काळा दोरा आणला. म्हणाल्या, "तुमच्यात चालत न्हाई, मला ठावं हाय. पर लेकराचा जीव बगून बांदते. तुमी तिकडं तोंड करा." मी तिकडं तोंड केलं, आत्याबाई. तुमच्या सासऱ्यांनी छप्पन साली घरातले देव पाण्यात सोडले, तुम्ही वस्तीतल्या कितीतरी पोरांच्या गळ्यातले ताईत कात्रीनं कापलेत, आणि तुमच्या नातवाच्या दंडाला दोरा बांधला जात असताना मी भिंतीकडं बघत उभी राहिले. तो दोरा आठवडाभर होता. आठवडाभर मी बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली नाही, नजर द्यायची हिंमत होईना. काही फरक पडला नाही. मीच कापला.

तुम्हाला का सांगितलं माहीत नाही. कुणाला तरी सांगायचं होतं, आणि तुम्ही माझ्याशी बोलत नाही हे एका परीनं बरं आहे.

विशाखा

लातूर, ५ फेब्रुवारी २०२५

आत्याबाई,

काल नांदेडला जाऊन आले. नाक-कान-घशाच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, लहान लेकरांचं चांगलं बघतात असं ऐकलं होतं. हो, लोह्यावरूनच गाडी गेली. कंधारची गाडी समोर लागलेली दिसत होती. आनू म्हणाला, "आज्जीकडं जायचं का?" मी म्हणाले, पुन्हा कधी. चुकलं असेल. पण तुमच्या दारात मला वाहतं नाक घेऊन उभं राहायचं नव्हतं.

बाईंनी निवांत तपासलं. म्हणाल्या, ॲलर्जी आहे. आतलं नाक सुजलंय, मागच्या गाठी वाढल्यात, आणि आता छातीही थोडी वाजतेय. असंच राहिलं तर दम्यावर जाईल. मग प्रश्न सुरू केले. कुठं असताना त्रास कमी होतो? मी म्हणाले, गावाकडं. सकाळी जास्त की संध्याकाळी? सकाळी, उठल्या उठल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, अंथरूण-पांघरूण काय आहे? जुनी गोधडी, कापसाची उशी, असं काही?

मी म्हणाले, नाही. सगळं दर आठवड्याला धुते.

आणि आनू मधेच म्हणाला, "हाय की आई. बाबाची वाकळ हाय ना. ती न्हाई धुवायची."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मला सांगावं लागलं. काय सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण ही गोष्ट आपण दोघींनी कधी मोठ्यानं बोललोच नाही. माणूस गेलं की त्याचे कपडे घरात ठेवत नाहीत, वाटून टाकतात. प्रेम गिऱ्हाइकाची गाडी चालवून बघायला गेला तो लोह्याच्या रस्त्यावरून परत आलाच नाही, आणि पंधरवड्याच्या आत भावकीनं त्याच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं. तुम्ही ते गाठोडं सोडलंत, त्यात आपले जुने धडपे भरलेत आणि त्याचे कपडे धान्याच्या कोठीमागं दडवलेत. न धुतलेले. गॅरेजच्या दोन निळ्या पँटी, चौकड्यांचे शर्ट, तो बनियन. वर्षभर तुम्ही दुपारी दार लावून त्या कपड्यांची वाकळ शिवत बसायच्या. मला वाटायचं झोपल्यात. आम्ही निघालो त्या दिवशी माझ्या हातात देऊन म्हणालात, "हिला पाणी लावू नको. त्याचा वास हाय हिच्यात. लेकराला बापाचा वास पाहिजे."

आणि खरंच वास होता. पेट्रोल, ग्रीस, घाम, आणि तो डोक्याला चोपडायचा ते खोबरेल. आनू शाळेत गेला की मीसुद्धा तोंड खुपसून बसायचे. म्हणून मी डॉक्टरांशी खोटं बोलले. ती धुवा म्हणतील हे मला त्यांनी विचारायच्या आधी कळलं होतं. खरं तर दिवाळीपासून कळत होतं, मी कळू देत नव्हते. कंधारात नाक कोरडं झालं ते तुमच्या हवेनं नाही आणि हातानंही नाही. वाकळ इथं राहिली होती. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तसं मी खोल्या बदलत बसले.

बाई म्हणाल्या, असल्या जुन्या पांघरुणात डोळ्याला न दिसणारे किडे होतात, घामाच्या कपड्यात जास्त. एक तर काढून टाका, नाहीतर उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि पुढंही धूत राहा. नाकात मारायचा फवारा दिलाय. पण म्हणाल्या, ती वाकळ तशीच राहिली तर फवाऱ्याचा काही उपयोग नाही.

आता मी काय करू? तो तुमचा लेक आहे. शिवलीय तुम्ही. मी काल रात्री आनूच्या अंगावरून ती काढली तर तो रडून रडून बेजार झाला, रडण्यानं नाक आणखी चोंदलं, शेवटी मीच परत घातली. माझ्या हातून व्हायचं नाही. तुम्ही एकदा धू म्हणा. नुसतं एवढं लिहून पाठवा. मी पाया पडते.

विशाखा

लातूर, १७ फेब्रुवारी २०२५

आत्याबाई,

तुम्ही काल आलात आणि चहासुद्धा न घेता गेलात. मला बोलायची संधी दिली नाहीत, म्हणून लिहिते.

तुमचं कार्ड शुक्रवारी मिळालं होतं. "धुऊ नको. मी येते." एवढंच. मी थांबणार होते. देवाशपथ म्हणायची आपल्यात रीत नाही, तुमच्या लेकाची शपथ घेते, मी थांबणार होते. वाकळ घडी करून कपाटावर ठेवली होती. पण त्याच रात्री मी फाटकाशी होते तेव्हा आनूनं खुर्चीवर खुर्ची ठेवून ती काढली, आणि अंगावर घेऊन झोपला. सकाळी शिंका आल्या आणि मग शिंका थांबल्या आणि छाती वाजायला लागली. शिटीसारखी. खांदे वर करून श्वास ओढत होता. बोलता येत नव्हतं त्याला, नुसता माझ्याकडं बघत होता. पार्वतीबाईंनी ऑटो आणला. दवाखान्यात तोंडाला मशीन लावून वाफ दिली, दोनदा. तिथं बाकावर बसून मी एकच विचार केला. एक गेलाय. त्याच्या वासापायी दुसरा जाईल.

दुपारी घरी आले, मेसमधलं भाताचं मोठं पातेलं मागून घेतलं, पाणी उकळलं, आणि गच्चीवर नेऊन ती बुडवली. बुडवायच्या आधी तोंड लावलं होतं. पाणी काळं झालं. ग्रीसच असेल. मग मातकट, मग निळं. मी चार पाण्यांतून काढली. एकीकडं धूत होते आणि एकीकडं तुमच्या नावानं, त्याच्या नावानं रडत होते. पार्वतीबाई पिळायला आल्या, त्यांनी विचारलं, "कोनाची हाय?" मी म्हणाले, माझ्या नवऱ्याची. त्या दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या.

काल तुम्ही आलात तेव्हा ती दोरीवर होती. तुम्ही चप्पल काढायच्या आधी गच्चीवर गेलात. मी जिन्यात उभी होते. तुम्ही तिची कड नाकाला लावलीत, मग दुसरी कड लावलीत, मग मधला भाग. मला वाटलं तुम्ही आता मला मारणार. मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही नुसत्या म्हणालात, "एक दिस दम निघाला न्हाई तुला." आणि खाली उतरून, झोपलेल्या आनूच्या कपाळावरून हात फिरवून, निघून गेलात.

नाही निघाला, आत्याबाई. एक दिवससुद्धा नाही निघाला. त्याची छाती वाजत होती.

तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल तर मी समजून घेईन. पण लेकरू मी देणार नाही. ते आता बरं होणार आहे, आणि माझ्याकडं राहून होणार आहे.

विशाखा

लातूर, ३० मार्च २०२५

आत्याबाई, जयभीम.

आनू बरा आहे. फवारा चालू आहे. धुतल्यावरही पहिल्या आठवड्यात शिंका होत्या, नंतर एक-दोन, आता कधीतरी. तोंड मिटून झोपतो. सिद्धेश्वर सर विचारायला आले होते, त्यांच्यासमोर तो पाच मिनिटं उभा राहिला आणि नाक पुसलं नाही. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम हितंच." वाकळ अंगावर असते, दर आठवड्याला धुते. आता ती नुसती वाकळ आहे.

हे सगळं आनंदाचं आहे आणि मी एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. तुम्हाला परवाचं सांगायचं आहे.

परवा मी पोरींच्या हजेरीत होते, गॅसवर दूध. आनू पळत आला, "आई, कसलातरी वास यून राहिला." दूध करपलं होतं. मी गॅस बंद केला आणि मग माझ्या लक्षात आलं, तो काय म्हणाला ते. त्या दिवसापासून त्याला खूळ लागलंय, प्रत्येक वस्तू नाकाला लावतो. खोडरबर, पुस्तक, पार्वतीबाईंची फोडणी, माझी ओढणी. मिलवरून वारा आला की म्हणतो, डाळ भाजून राहिले. इतके महिने आम्ही भिंतीला भिंत लावून राहिलो, त्याला आज कळलं तिथं डाळ आहे म्हणून.

रात्री झोपताना त्यानं वाकळ नाकाला लावली. म्हणाला, "साबणाचा येतो."

मी म्हणाले, हो रे, धुतली ना. आधी बाबाचा यायचा.

तो म्हणाला, "आधी न्हाई यायचा."

मी म्हणाले, असं कसं, रोज विचारायचे ना मी, बाबाचा वास येतो का? तू हो म्हणायचास.

तर म्हणाला, "तू इचारायचीस म्हणून म्हनायचो. मला कसलाच वास येत न्हवता ना आई. नाक बंद हुतं." आणि मग विचारलं, "कसा हुता बाबाचा वास?"

आत्याबाई, मी काय सांगू? ज्याच्यासाठी तुम्ही दार लावून वर्षभर शिवत बसलात, ज्याच्यासाठी मी डॉक्टरांशी खोटं बोलले, लेकराची छाती वाजेपर्यंत ती अंगावर राहू दिली, तो वास त्याला कधी आलाच नव्हता. तुम्हाला येत होता, मला येत होता. त्याला नाही. आणि त्याचं नाक उघडलं तेव्हा मी धुऊन बसले होते.

मी सांगून बघितलं. पेट्रोल म्हणाले, ग्रीस म्हणाले, खोबरेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी औसा रोडवरच्या एका गॅरेजसमोर त्याला घेऊन उभी राहिले. त्यानं खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "हा गॅरेजचा हाय. बाबाचा सांग ना." मला पुढं सांगता येईना. तुमच्यावर रागवून, स्वतःवर रागवून मी रस्त्यातच रडले. त्यानं माझा हात धरून मला घरी आणलं.

तुम्ही त्याला जन्मल्यापासून हुंगलंय. दूध पिताना, तापात, शाळेतून मातीत लोळून आल्यावर, पहिल्यांदा गॅरेजातून हात काळे करून आल्यावर. मला फक्त शेवटचा माहीत आहे, तुम्हाला सगळे माहीत आहेत. परीक्षा झाली की शाळेला सुट्टी लागते. मी आनूला घेऊन येते आणि चांगला महिनाभर ठेवून जाते. कुणी मागितलं म्हणून नाही, हरले म्हणूनही नाही. माझ्याशी बोलू नका, मी लगेच परतीच्या गाडीत बसेन. त्याच्याशी बोला. त्याचं नाक आता उघडं आहे. त्याला सांगा, तुमच्या लेकाचा वास कसा होता.

तुमची
विशाखा